उभ्या गाडीचा बंदोबस्त

रायपूरच्या जुन्या वस्तीत, कंकाली तलावाच्या आसपासच्या दाट टापूत जो ब्राह्मणपारा वसलेला आहे, त्याच्या गल्ल्या पायी चालणाऱ्या माणसाच्या, पालखीच्या आणि फार तर एका बैलगाडीच्या मापाने पडल्या. आणि म्हणूनच आज त्या गल्ल्यांतून हिंडताना, कोठे दरवाजाच्या आत अंगणात, कोठे ओसरीच्या कडेला, तर कोठे भिंतीस अगदी खेटून, आच्छादनाखाली महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या मोटारी दिसू लागल्या की, वाहनाने अडवलेली जागा आणि वाहनाचा प्रत्यक्ष उपयोग यांतील विषमता प्रकर्षाने जाणवते. मुले पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी गेलेली, मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांना गाडी चालवणे झेपेनासे झालेले, आणि शहरातल्या शहरात जाण्यास रिक्षा दाराशी मिळत असलेली, अशा स्थितीत मोटार उभी राहते यात नवल नाही. नवल वाटते ते याचे की, ती कशी उभी ठेवावी याविषयी घरात कोणासच काही ठाऊक नसते. आणि हे अज्ञान या मुलखात नवे आहे, कारण वर्षातील चार महिने वाहन उभे करून ठेवणे हा येथला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होता, त्यास ठरलेला आरंभ होता, ठरलेला शेवट होता, आणि मधल्या काळाची ठरलेली चाकरी होती. त्या शिरस्त्याचा वृत्तान्त येथे मांडावयाचा आहे.

१७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या मोहिमेच्या वाटेवर रतनपूरच्या हैहयवंशी राज्यावर चालून गेले आणि छत्तीसगढावर भोसल्यांचे वर्चस्व सुरू झाले. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास राहून प्रत्यक्ष कारभार पाहू लागले, त्यांच्या मागे १७८७ पासून सुभेदारांचा अंमल आला, विठ्ठलराव दिनकरांसारख्या सुभेदाराने परगण्यांची घडी बसवली, आणि १८१८ मध्ये इंग्रजी देखरेखीखाली सुभ्याचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलल्यावर या नगरास जे महत्त्व आले ते पुढे कधी ओसरले नाही. या शतकभराच्या उलाढालीत कारकुनी, कमाविशी, पौरोहित्य आणि व्यापार यांच्या निमित्ताने नागपूरकडची जी मराठी कुटुंबे पूर्वेस आली, त्यांतील कित्येकांनी तात्यापाऱ्यात, ब्राह्मणपाऱ्यात आणि आसपासच्या वस्तीत घरे बांधली, आणि आपले सण, आपला स्वयंपाक व आपली कालगणना यांच्याबरोबर वाहनांविषयीची आपली शिस्तही ती येथे घेऊन आली.

ही शिस्त मुळात लष्करी होती. आषाढ लागला की मराठी फौजा छावणीस बसत, आणि दसऱ्यास सीमोल्लंघन करून पुन्हा मोहिमेस निघत. मधल्या चार महिन्यांत घोडा, बैल, तोफेचा गाडा, पालखी, रथ यांची निगा राखणे हे काही फावल्या वेळाचे काम नव्हते, तर येणाऱ्या मोहिमेचा निम्मा पाया त्यावर रचला जात असे. शिवछत्रपतींच्या राज्यव्यवस्थेत जे बारा महाल सांगितले आहेत त्यांत घोड्यांची पागा आणि गुरांची थट्टी जशी आहे, तसेच पालखी आणि वहिली हे स्वतंत्र महाल आहेत, म्हणजे माणसे वाहून नेणाऱ्या साधनांसाठी वेगळे खाते, वेगळा जमाखर्च आणि वेगळी जबाबदारी होती. नागपुरात महालाच्या वस्तीत आणि पुण्यात शुक्रवार पेठेत गाडीखाना म्हणून जी ठिकाणे आजही ओळखली जातात, ती याच व्यवस्थेची उत्तरकालीन रूपे होत. वाहन वापरात नसताना त्यास छप्पर, रखवालदार आणि नेमून दिलेला कारागीर असावा, ही समजूत या ठिकाणांनी दगडामातीत बांधून ठेवली आहे.

ब्राह्मणपाऱ्यास तर या समजुतीचे एक उदाहरण अगदी दाराशी आहे. येथील कंकाली मठ वर्षातून एकदाच, विजयादशमीस, उघडतो. नागा साधूंच्या परंपरेतील मानली जाणारी जुनी शस्त्रे त्या दिवशी पूजेसाठी मांडली जातात, लोक रांगा लावून दर्शन घेतात, आणि त्यानंतर मठाचे दार पुन्हा वर्षभरासाठी बंद होते. धार्मिक श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तरी या प्रथेत एक व्यावहारिक शहाणपण आहे असे मला नेहमी वाटत आले आहे: जी वस्तू वर्षभर वापरावयाची नाही, तिच्यासाठी वर्षातील एक दिवस पक्का राखून ठेवावा, त्या दिवशी ती सर्वांसमक्ष उजेडात आणावी, म्हणजे तिच्या रक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांस त्या दिवसापर्यंत तिची हेळसांड करण्यास सवड राहत नाही. खंडेनवमीस हत्यारे आणि अवजारे पुजण्याची आपली घरगुती रीत याच जातीची आहे.

रेल्वे येण्यापूर्वीच्या रायपुरात वाहन म्हणजे बैलगाडी. १८७७ साली बालवयातील नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, वडिलांच्या कामानिमित्त कुटुंबासह रायपुरास आले, तेव्हा नागपूरपासून पुढचा अरण्यातील सारा प्रवास त्यांस बैलगाडीने करावा लागला. बुढापाऱ्यात त्यांनी दोन वर्षे वास्तव्य केले. १८८८ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेचा रुंद मार्ग रायपुरास पोहोचल्यावर लांबचा प्रवास बदलला, परंतु स्थानकापासून गावाकडे आणि गावापासून खेड्याकडे जाण्यास बैलगाडीवाचून गत्यंतर नव्हते. छत्तीसगढातील कन्हार म्हणून ओळखली जाणारी काळी माती पहिल्या पावसातच चाकाच्या तुंब्यापर्यंत चढते, नाल्यांवर पूल नव्हते, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस येथे कोसळतो. तेव्हा नांगरटीचे बैल शेतात आणि दमणी, म्हणजे प्रवासाची हलकी बैलगाडी, छपराखाली, अशी वाटणी आपोआप होई. दमणी नुसती लोटून दिली जात नसे. जू उतरवून आडव्या बांबूवर टांगावे, आस साफ करून तीवर एरंडेलाचा हात फिरवावा, चाके ओल्या जमिनीवर उभी न ठेवता दगडांवर चढवावी म्हणजे वाळवी लागत नाही, चामड्याच्या वाद्यांस तेल चोळून त्या उंदरांच्या वाटेपासून दूर ठेवाव्या, हा क्रम मृग नक्षत्र लागण्यापूर्वी उरकत असे. उन्हाळ्यातील निष्क्रियतेचे दुखणे याच्या उलट होते: उन्हाने लाकूड आटते, आरे खुळखुळतात, लोखंडी धाव सैल होते, आणि मग प्रवासास निघण्यापूर्वी चाके तळ्याच्या पाण्यात भिजत घालून लाकूड फुगवून घ्यावे लागे. एकाच वाहनास ओल मारते आणि कोरडही मारते, ही गोष्ट मोटार येण्यापूर्वीच येथल्या माणसास ठाऊक होती.

मोटार हिंदुस्थानात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी, १८९७ च्या सुमारास कलकत्त्यात आणि लगोलग १८९८ मध्ये मुंबईत. छत्तीसगढात ती प्रथम संस्थानिकांच्या आश्रयाने रुळली. राजकुमार महाविद्यालय १८९४ मध्ये जबलपुराहून रायपुरास आले होते आणि संस्थानांतील राजपुत्र तेथे शिकण्यास राहत, त्यामुळे रायपूरकरांच्या दृष्टीस असल्या नव्या वस्तू लवकर पडू लागल्या असाव्यात. पुढे मालगुजार म्हणजे गावांचे जमीनदार, वकील, डॉक्टर यांच्या घरी मोटारी आल्या. मालगुजाराचे गाव शहरापासून दहा-वीस कोसांवर. धानाची कापणी झाली की गावाचा दौरा करावयाचा, हिशेब पाहावयाचे, आणि पावसाळा लागण्याआधी परत यावयाचे, हे त्याच्या वर्षाचे वेळापत्रक. नागपुराहून राजनांदगाव, दुर्ग, रायपूर यांवरून संबळपुराकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड एवढा एक मार्ग सोडला तर बाकीचे बहुतेक रस्ते पावसात चाकास थारा देत नसत, आणि म्हणून दमणीचे चार महिने मोटारीच्या वाट्यास जसेच्या तसे आले.

या ठिकाणी एक मजकूर मुद्दाम सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील फोर्ड कंपनी आपल्या मॉडेल टी गाडीबरोबर प्रश्नोत्तररूपाने लिहिलेली जी पुस्तिका देत असे, तीत गाडी दीर्घकाळ उभी करून ठेवावयाची असल्यास काय करावे याचे उत्तर दिलेले होते: रेडिएटरमधील पाणी काढून टाकावे, पेट्रोल उपसून घ्यावे, मळके इंजिन ऑइल काढून ताजे भरावे आणि ते आतल्या सर्व भागांस लागेल इतके इंजिन फिरवावे, टायर उतरवून वेगळे ठेवावे, गाडी धुऊन पुसून वर कापडी आच्छादन घालावे. हा उपदेश हिमवर्षावाच्या देशातील हिवाळ्यासाठी होता, आणि त्यातील पाणी गोठू नये म्हणून सांगितलेला मद्यार्काचा उपाय रायपुरात अर्थातच निरुपयोगी. परंतु ऋतू बदलून घेतला की बाकीचे कलम न्‌ कलम येथे लागू पडत होते. त्यांच्या हिवाळ्याचे काम आपल्या पावसाळ्याने केले. दमणीची चाके दगडांवर चढवणाऱ्या हातांनी मोटार लाकडी ठोकळ्यांवर चढवली, एरंडेलाच्या जागी इंजिन ऑइल आले, आणि दसऱ्याच्या सकाळी झेंडूची माळ जिच्या जुवावर चढत असे त्या दमणीच्या शेजारी मोटारीच्या रेडिएटरवरही ती चढू लागली.

दुसऱ्या महायुद्धाने या हंगामी विश्रांतीस सक्तीच्या विश्रांतीचे रूप दिले. १९४१ साली पेट्रोलवर नियंत्रण आले आणि खासगी गाडीस परवान्यावर मोजके पेट्रोल मिळू लागले. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मलायातील रबराचे मळे जपानच्या हाती गेले, आणि नवा टायर ही दुर्लभ वस्तू होऊन बसली. बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या, त्यांच्या मागे बसवलेल्या लोखंडी पिंपात कोळसा पेटवून तासभर फुंकावे तेव्हा कोठे त्या हलत. परंतु घरगुती मोटारीच्या मालकास ती खटपट परवडण्याजोगी नव्हती, आणि त्याने गाडी सरळ ठोकळ्यांवर चढवली. इंग्लंडात १९४२ च्या जुलैपासून खासगी मोटारीस मिळणारा किमान पेट्रोलचा वाटाही बंद झाला, तेथेही घरोघरी हेच दृश्य होते. फरक एवढाच की, तिकडे गाडीचा शत्रू थंडी, आणि येथे मे महिन्यातील नवतप्याचे पंचेचाळीस अंशांपर्यंत जाणारे ऊन, त्यावर महिनाभरात येणारी ओल.

ठोकळ्यांवर चढवलेल्या त्या गाडीचा विधी पाहण्यासारखा असे. चारही चाके जमिनीपासून चार बोटे वर येतील अशा बेताने आसाखाली साल किंवा सागाचे ठोकळे सरकवावयाचे; टायर उतरवून, ट्यूबवर फ्रेंच चॉकची भुकटी चोळून, ती अंधाऱ्या थंड खोलीत ठेवावयाची, कारण रबरास ऊन आणि तेल दोन्ही वर्ज्य. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडावयाचे, आणि पुढे हॅण्डल घालून इंजिन सावकाश चार-सहा फेरे फिरवावयाचे, म्हणजे ते तेल सिलिंडरच्या भिंतींवर पसरून पिस्टनच्या कड्या गंजाने चिकटत नाहीत. बॅटरी सोडवून चार्जिंगच्या दुकानी पाठवावयाची. सायलेन्सरच्या तोंडात तेलकट चिंध्यांचा बोळा घालावयाचा, तो उंदीर, गांधीलमाशी आणि दमट हवा या तिघांनाही मज्जाव करी. बसण्याच्या गाद्यांखाली कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि डांबरगोळ्या. हॅण्डल फिरवण्याचे काम पंधरवड्याने एकदा, बहुधा घरातील थोरल्या मुलाकडे. आणि त्या वयात गाडी चालवण्याची परवानगी नसलेल्या मुलास यंत्राच्या अंतरंगाची पहिली ओळख या कामातून होत असे.

युद्ध संपले, पण मोटार निवांत उभी राहण्याची कारणे संपली नाहीत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तिच्याबरोबर गावोगावचे दौरे गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले व रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले, तेव्हा कचेरीच्या कामासाठी नागपुरास जावयाचे प्रयोजन उरले नाही. जवळजवळ तीनशे किलोमीटरांचा तो रस्ता आता सोयरिकी, लग्नकार्ये आणि आजारपण यांच्यापुरता राहिला. दुसरीकडे नवी मोटार मिळणे फारच कठीण झाले होते: आयातीवर निर्बंध होते, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची फियाट, बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर, आणि १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड, एवढीच काय ती निवड, आणि नाव नोंदवल्यानंतर गाडी दाराशी येईपर्यंत वर्षेच्या वर्षे वाट पाहावी लागे. जी वस्तू गेली तर पुन्हा मिळणार नाही, तिची निगा माणूस प्राणापलीकडे राखतो. रोजच्या कामास सायकल, पाहुण्यांस सायकल-रिक्षा, आणि मोटार फक्त लांबच्या प्रवासास, असा सर्वसाधारण क्रम होता. म्हणजे गाडी वापरली जाई थोडी, पण तिच्याकडे लक्ष मात्र रोज असे. माझ्या मते या परंपरेचा सर्वांत परिपक्व काळ हाच, कारण तोपर्यंत दमणीचे जुने व्यवहारज्ञान, युद्धकाळातील सक्तीचा अनुभव आणि मिस्त्रीची कारागिरी ही तिन्ही एका घरात एकत्र आली होती.

त्या काळातील मिस्त्री जे सांगत, त्यास शास्त्राचा आधार कसा होता ते पाहण्यासारखे आहे. मिस्त्री म्हणे, ‘बॅटरी उतरू देऊ नका, उतरली की मेली.’ शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल यांच्यापासून वीज निघते तेव्हा पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो. बॅटरी लवकर चार्ज केली तर तो विरघळतो, पण आठवडेच्या आठवडे तशीच राहिली तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि मग कितीही वीज सोडली तरी ते सुटत नाहीत. वापर नसतानाही बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरत असते, आणि उष्णतामान दहा अंशांनी वाढले की उतरण्याचा हा वेग सुमारे दुप्पट होतो. रायपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली उभ्या गाडीची बॅटरी महिन्याभरात का बसते, याचे उत्तर यात आहे. काचेच्या नळीतील हायड्रोमीटर पेशीत बुडवून रबरी फुगा दाबावा, आम्ल वर चढावे, आणि आतला तरंगता काटा १.२६ ते १.२८ दाखवत असला तर निश्चिंत राहावे, १.२० च्या खाली गेला तर त्याच दिवशी बॅटरी दुकानी न्यावी, हा त्यांचा नियम आजच्या कोणत्याही अभियंत्यास मान्य होईल. पेशीतील पाणी कमी झाले तर नळाचे न घालता डिस्टिल्ड वॉटर घालावे, आणि टोकांवर आलेली हिरवट-पांढरी भुकटी सोडा घातलेल्या कढत पाण्याने धुऊन वर व्हॅसलिनचा हात द्यावा, हेही त्यातलेच.

पेट्रोलचे तसेच. त्यातील हलका, चटकन पेट घेणारा अंश आधी उडून जातो, आणि मागे राहिलेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावून चिकट होत जाते. चार-सहा महिने उभ्या राहिलेल्या जुन्या फियाटचा कार्बोरेटर उघडून पाहिला, तर तळाच्या वाटीत पेट्रोलऐवजी मधाच्या रंगाचा, नखाने खरवडला तरी न निघणारा थर दिसे, आणि ज्या सुईएवढ्या छिद्रातून इंधन जावयाचे ते पार बुजलेले असे. म्हणून गाडी उभी करावयाची तर पेट्रोलची टाकी पूर्ण भरावी, म्हणजे आत दमट हवेस आणि गंजास जागा राहत नाही, परंतु कार्बोरेटरची वाटी मात्र रिकामी करावी. हॅण्डब्रेक ओढून ठेवू नये, कारण पावसाळी हवेत ब्रेकचे पट्टे ड्रमला धरून बसतात आणि मग चाक फिरेनासे होते. त्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांस पुढून-मागून विटा लावाव्या. ठोकळे नसतील तर टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पौंड हवा अधिक भरावी आणि आठ-पंधरा दिवसांनी गाडी हातभर पुढे-मागे ढकलावी, म्हणजे टायर एकाच जागी दबून चपटा होत नाही. आच्छादन सुती असावे. प्लॅस्टिकच्या कापडाखाली ओल कोंडते आणि रंगास फोड येतात.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिच्याविषयी आज सर्वाधिक गैरसमज आहे. पुष्कळ घरी दर रविवारी सकाळी गाडी जागच्या जागी पाच मिनिटे सुरू करून बंद करतात, आणि निगा राखल्याचे समाधान मानतात. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ तितकेच पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. इंजिन पुरते तापले नाही तर ही वाफ सायलेन्सरमध्ये आणि इंजिन ऑइलमध्ये थंड होऊन तेथेच राहते, सायलेन्सर आतून गंजतो, तेल बिघडते, आणि गाडी सुरू करण्यास बॅटरीतून जेवढी वीज गेली तेवढी पाच मिनिटांत परतही येत नाही. हा उपचार गाडीचे आयुष्य वाढवण्याऐवजी घटवतो, हे मी ठामपणे सांगू इच्छितो. पंधरवड्यातून एकदा गाडी रस्त्यावर काढून दहा-पंधरा किलोमीटर नीट पळवावी, ब्रेक चार वेळा दाबून पाहावा, खिडक्या वर-खाली कराव्या. ते जमणार नसेल तर इंजिनास मुळीच हात न लावता, बॅटरीची तार सोडून, गाडी पुरती शांत ठेवावी. मधला मार्ग घातक आहे.

उभ्या वाहनाची सेवा किती काळ टिकू शकते याचा दाखला महाराष्ट्रात पाहावयाचा तर तो कोल्हापुरास. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३० च्या दशकात, कोल्हापूर संस्थानाने घेतलेली जर्मन बनावटीची मेबॅक गाडी आजही छत्रपती घराण्याकडे आहे, आणि शाही दसऱ्याच्या सोहळ्यास ती दसरा चौकात येते तेव्हा हजारो लोक तिला पाहण्यास थांबलेले असतात. जिचा कारखान्यातून सुटा भाग मागवण्याची सोय नाही, अशी ती प्रचंड गाडी एवढ्या दशकांनंतर स्वतःच्या बळावर चौकात येते, याचे श्रेय तिच्या बनावटीइतकेच, किंबहुना अधिक, उरलेल्या वर्षभर तिच्याजवळ राबणाऱ्या हातांना आहे. कंकाली मठाची शस्त्रे आणि कोल्हापूरची मेबॅक या दोहोंत एक साम्य आहे: दोन्हींना वर्षातील एक न चुकणारी तिथी आहे.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढील दशकांत गाडी मिळण्यातील दुर्लभता गेली. त्यापाठोपाठ निगेची शिस्तही सैल झाली. कार्बोरेटर जाऊन त्याजागी संगणकाने नियंत्रित होणारी इंधनव्यवस्था आली, हॅण्डल घालावयाचे भोकच उरले नाही, आणि मालकास वाटू लागले की नव्या गाडीस जुन्या उपचारांची गरज नाही. वस्तुस्थिती उलट आहे. आजच्या गाडीतील घड्याळ, चोरीची सूचना देणारे यंत्र आणि संगणक हे किल्ली काढल्यावरही बॅटरीतून थोडी थोडी वीज ओढत राहतात. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले आणि आता ते सर्वत्र झाले आहे. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, आणि तिचे प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, तेव्हा दमट पावसाळ्यात चार महिने पेट्रोल सांभाळणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. ब्रेकचे तेलही ओल शोषते, म्हणून गाडी चालो अथवा न चालो, ते दोन वर्षांनी बदलावेच लागते. उंदरांचा उपद्रव तर शतगुणित झाला आहे, कारण इंजिनाभोवती विजेच्या तारांचे जाळे झाले आहे, आणि एक तार कुरतडली गेली तरी गाडी अडते. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी झाली आणि देशभरच्या मोटारी एकाच वेळी उभ्या राहिल्या, तेव्हा दोन-अडीच महिन्यांनी गल्लोगल्ली जे धक्के मारणे आणि बॅटऱ्या बदलणे चालले होते, ते या विस्मरणाचे प्रत्यक्ष प्रमाण होते. युद्धकाळात चार-चार वर्षे गाड्या ठोकळ्यांवर ठेवून पुन्हा चालवणाऱ्यांच्या नातवंडांना दोन महिनेही निभावता आले नाहीत.

कागदपत्रांचे शैथिल्य हाही याच दुखण्याचा भाग. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. विमा आणि प्रदूषणाचा दाखला यांच्या मुदती वेगळ्या. गाडी चालत नाही म्हणून या मुदती थांबत नाहीत. २००० सालच्या नोव्हेंबरात छत्तीसगढ राज्य झाले आणि रायपूरच्या गाड्यांवर ‘सीजी ०४’ ही अक्षरे आली. त्या पहिल्या वर्षांतील कित्येक गाड्यांची १५ वर्षे केव्हाच उलटून गेली आहेत. ज्या घरी परदेशातील मुलाच्या नावावर गाडी आणि किल्ली आईच्या कपाटात, त्या घरी हा बंदोबस्त कोणी करावयाचा, हे एकदा बसून ठरवावे लागते.

ब्राह्मणपाऱ्यातील, आणि जेथे जेथे मोटारी अशा उभ्या आहेत तेथील गृहस्थांना माझी विनंती आहे की, त्यांनी दसरा हा दिवस पुन्हा त्याच्या जुन्या अर्थाने पाळावा. नवरात्र बसण्यापूर्वी मिस्त्रीस बोलावून बॅटरी, टायर, ब्रेक आणि तेल तपासून घ्यावे, दसऱ्यास माळ घालून झाल्यावर गाडी खारून नदीच्या पुलापर्यंत तरी नेऊन आणावी, आणि पुढच्या वर्षभरात पंधरवड्याने ती कोण बाहेर काढणार त्याचे नाव, विम्याची व नोंदणीची तारीख आणि मिस्त्रीचा पत्ता एका कागदावर लिहून तो किल्लीबरोबर ठेवावा. ज्यांना एवढेही होण्यासारखे नसेल, त्यांनी गाडी अजून चालण्याजोगी आहे तोवर ती वापरणाऱ्याच्या हाती विकून टाकावी, आणि गल्लीतील ती जागा मोकळी करावी.